चौथ्या वर्षी पण एल वनच

नमस्कार मंडळी. आज मी बोलणारे ते खास करून त्यांच्यासाठी जे आत्ता नाईट शिफ्टचा डबा भरतायत, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या कॅबमध्ये अडकून हे ऐकतायत. सर्विस डेस्कवाले, एल वन सपोर्टवाले, म्हणजे ऑफिसात कोणाचा कॉम्प्युटर अडला की पहिला फोन ज्यांना येतो ते. मी तुमच्यातलीच. मूळची कराडची, बीएस्सी कॉम्प्युटर, नोकरीला चार वर्षं झाली आणि अजून एल वनच.

आई शेजारच्या काकूंना सांगते पोरगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि पोरगी रोज तीस-पस्तीस कॉल घेते, पासवर्ड विसरला, व्हीपीएन लागत नाही, आउटलुक उघडत नाही, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय... तिकीट काढायचं म्हणजे तक्रारीची नोंद करायची, एसएलएच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत ते बंद करायचं, नाही जमलं तर एल टूकडे, म्हणजे वरच्या पायरीच्या टीमकडे पाठवायचं की लगेच पुढचा कॉल. आमच्याकडे एल वनला बावीस जण आणि एल टूला पाच. त्या पाचातलं कोणी हललं तरच एक जागा. बावीस माणसं पाच खुर्च्यांवर बसणार कशी? एवढं साधं गणित मला कळायला दोन वर्षं लागली, तोवर दर अप्रेझलनंतर आठवडाभर मला जेवण जायचं नाही, वाटायचं आपल्यातच काहीतरी कमी आहे. तुमच्यापैकी कोणाला आत्ता तसं वाटत असेल तर आधी तुमच्या टीमच्या खुर्च्या मोजा.

मी यातून बाहेर आले ते एका फालतू वाटणाऱ्या तिकिटामुळे. अकाउंट्सच्या एक मॅडम होत्या, त्यांचं अकाउंट रोज लॉक व्हायचं. रोज फोन, रोज अनलॉक, दोन मिनिटांत तिकीट बंद, आणि रिपोर्टमध्ये आमचे नंबर छान. सहाव्या दिवशी त्या फोनवर रडायलाच आल्या, म्हणाल्या अगं महिनाअखेर आहे, माझं काम राहतंय, साहेबांना वाटतं मीच पासवर्ड चुकवते. मला खूप वाईट वाटलं. सर्व्हरच्या लॉगचा ॲक्सेस आम्हाला नसतो, म्हणून एल टूच्या एका दादाच्या डेस्कवर जाऊन त्यालाच विचारलं की बघून दे ना. विंडोजमध्ये अकाउंट लॉक झालं की डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर, ४७४० नंबरची नोंद पडते आणि कुठल्या मशीनवरून ते लॉक झालं त्याचं नावही तिथेच असतं. ते नाव निघालं कॉन्फरन्स रूममधल्या एका जुन्या पीसीचं! मॅडमनी कधीतरी तिथे शेअर ड्राइव्ह जोडून पासवर्ड सेव्ह केलेला, नंतर पासवर्ड बदलला, आणि तो पीसी बिचारा जुनाच पासवर्ड टाकत बसायचा. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, म्हणजे विंडोज जिथे सेव्ह केलेले पासवर्ड ठेवतं तिथून, ती एक एंट्री काढली, विषय संपला. परत फोन आला नाही.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवलीये. साधी दोनशे पानी. परत परत येणारं तिकीट, त्याचं खरं कारण, आणि ते कारण मला कोणी शिकवलं, बास एवढंच लिहिते. तिकिटांचा आकडा कंपनीचा असतो, त्यात मन रमत नाही कारण उद्या तो परत शून्यावर येतो. वहीतलं मात्र माझं असतं.

आणि आपलं काम लहान असतं असं म्हणणाऱ्यांना १९ जुलै २०२४ आठवा म्हणावं. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा बिघडलेला अपडेट आला आणि जगभरात ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. मशीन नीट चालूच होत नव्हत्या, मग रिमोटने दुरुस्त करणार कशा? एकेक मशीन सेफ मोडमध्ये नेऊन त्या अपडेटची बिघडलेली फाइल काढायची, त्यात डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी टाकायची. ती की युजरला फोनवर एकेक आकडा करून कोण सांगत होतं? एल वनवालेच. मला वाटतं त्या दिवशी आपल्याइतकं महत्त्वाचं आयटीत कोणीच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, वहीने पगार वाढतो का. नाही वाढत, खरं सांगते. म्हणून बाकीचं पण चालू ठेवा. मॅनेजरला स्पष्ट विचारा की वर्षभरात एल टूची जागा आहे का, नसेल तर आयजेपीमध्ये, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत निघणाऱ्या जागांमध्ये, दुसऱ्या टीमचं बघा, आणि बाहेर जायचंच असेल तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड आधीच हिशोबात धरा, ऐनवेळी पुढची कंपनी थांबत नाही. घरी जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून लिनक्स शिकता येतं, दोन्ही फुकट आहे. मी रोज शिफ्टनंतर अर्धा तास बसते, कधी डोळे मिटतात तर सोडून देते. झोप मोडून शिकू नका, नाईटवाल्यांनी तर नाहीच.

माझ्या वहीत सध्या २१३ नोंदी आहेत. शेवटची कालचीच, तिसऱ्या मजल्यावरचा एक प्रिंटर रोज पहाटे चारच्या सुमारास ऑफलाइन का जातो. कारणाची जागा अजून रिकामी आहे. माझा संशय त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलत असावा असा आहे, त्या दादाकडे लॉग मागितलाय, आज शिफ्टला गेले की बघते.