भरतीच्या वेळेवर: गोव्याच्या नद्यांतली बार्ज वाहतूक

[दृश्य: जुवारी पूल, सकाळ]

आगशी आणि कुठ्ठाळी जोडणारा हा जुवारीवरचा नवा पूल. त्याच्या उंच खांबांचे आणि तारांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. आता जरा खाली बघा. पुलाखालून चाललेल्या या बार्जच्या, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीच्या, पोटात सुमारे दोन हजार टन लोहखनिज आहे. बार्ज इतकी भरली आहे की डेकची कड पाण्यापासून जेमतेम हातभर वर दिसते. हाच माल पुलावरून न्यायचा म्हटला तर दहा टनी दोनशे ट्रक लागतील. इथे एक इंजिन आहे, सुकाणूवर एक सारंग, म्हणजे बार्ज चालवणारा, आहे आणि हाताखाली मोजके खलाशी.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले. त्यात मांडवीचा क्रमांक ६८, जुवारीचा १११ आणि या दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याचा २७. तिन्ही मिळून लांबी भरते १०८ किलोमीटर. यादीतल्या बहुतेक नद्यांवर मालाची नियमित ने-आण आजही नाही. या १०८ किलोमीटरांवर मात्र कायदा यायच्या साठेक वर्षे आधीपासून समुद्रापारचा व्यापार चालू होता.

[दृश्य: सावर्ड्याजवळची जेटी, ट्रक रिकामे होताना]

खाणी डोंगरात, बंदर समुद्रावर. मधल्या अंतरातला थोडाच तुकडा ट्रकचा. खाणीतून निघालेला ट्रक नदीकाठच्या प्लॉटवर येतो, माल ओततो आणि परत फिरतो. प्लॉटवर खनिजाचे डोंगर उभे राहतात. तिथून सरकत्या पट्ट्यावरून माल थेट बार्जमध्ये पडतो. नीट पाहिलेत तर लक्षात येईल, माल एकाच जागी पडत नाही. बार्ज इंचाइंचाने पुढे-मागे सरकवली जाते, कारण एका बाजूला ढीग जास्त झाला की ती कलते. डेकवर उभा असलेला खलाशी हाताने खूण करतो, जेटीवरचा दोर सैल सोडतो, पुन्हा आवळतो.

१९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, जपानला खनिज जाऊ लागले तेव्हा हे पट्टे नव्हते. मजूर, त्यांत बायका पुष्कळ, डोक्यावरच्या पाट्यांतून माल भरत. व्यापार वाढला तसे लाकडी पडाव अपुरे पडले आणि लोखंडी बार्जेस आल्या. त्या बांधायला १९५७ साली वास्कोत, जुवारीच्याच तोंडाशी, एक गोदी उभी राहिली. आज तटरक्षक दलाची आणि नौदलाची जहाजे बांधणारी गोवा शिपयार्ड ती हीच. तिचा जन्म खनिजाच्या बार्जेससाठी झाला, हे गोव्यातही फार जणांना ठाऊक नसते.

गोव्याचे खनिज तसे कमी प्रतीचे. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते नको होते. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाच्या मालापुढे ते परदेशी बाजारात टिकले, कारण खाणीपासून बंदरापर्यंतचा खर्च नदीने कमी ठेवला. गोव्याच्या खाण उद्योगाबद्दल बोलताना खाणमालकांची नावे घेतली जातात. माझ्या मते पहिले नाव या नद्यांचे घ्यायला हवे.

[दृश्य: बार्जच्या केबिनमधून. पुढे लांबलचक मालाचा ढीग, त्यापलीकडे नदी]

केबिन मागच्या टोकाला असते. सारंगाला समोर दिसतो तो आधी माल आणि मग पाणी. बार्जच्या नाकाखाली काय आहे ते त्याला दिसतच नाही. भरलेल्या बार्जला सुमारे तीन मीटर पाणी लागते आणि नदीच्या वरच्या भागात तेवढे पाणी दिवसभर नसते. म्हणून इथले सगळे वेळापत्रक भरती-सुकतीचे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, पाणी दोनेक मीटर चढते, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच्या निम्मेही नाही. त्यातून भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटे पुढे सरकते. आज सकाळी नऊला सुटलेली बार्ज उद्या दहाच्या सुमाराला सुटणार, आणि आठवड्याभराने तिची वेळ दुपारची होणार.

भरती पुरती आली की भरलेल्या बार्जेस जेटी सोडतात आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली येतात. रिकाम्या बार्जेस चढत्या पाण्याबरोबर वर जातात. पाण्याचा जोर फुकट मिळतो, डिझेल वाचते. पण सुटायला उशीर झाला आणि बार्ज गाळात बसली, तर पाणी तिच्याखालून निघून जाते आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बारा तासांच्या आसपास, ती तिथेच. म्हणून सारंगाच्या डोळ्यांकडे बघा. तो काठाकडे बघतो आहे. ते चर्च, तो माडांचा घोळका, बांधावरचे ते मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचे दार, यांवरून तो आपली जागा ताडतो आणि वळण घ्यायचे केव्हा ते ठरवतो. भरलेली बार्ज सुकाणू फिरवल्याबरोबर वळत नाही, त्यामुळे वळण दिसायच्या आधीच ते घ्यायला सुरुवात करावी लागते.

[दृश्य: कुंभारजुवे कालवा, दोन्ही काठांना खारफुटी]

आणि हा कुंभारजुवे कालवा. आम्हाला सगळ्यात जास्त वेळ इथेच काढावासा वाटला. सतरा किलोमीटर, एक टोक मांडवीत, दुसरे कुठ्ठाळीजवळ जुवारीत. तिसवाडीला बेट केले ते याच पाण्याने. दोन्ही टोकांनी भरती आत शिरते, त्यामुळे आतला प्रवाह कुठल्या क्षणी कुठे वळेल ते इथे वर्षानुवर्षे बार्ज चालवलेल्यालाच कळते. काठावर ऊन खात पडलेली ती मगर आहे. इथल्या खाजन शेतीच्या, म्हणजे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या शेतीच्या, काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा होते.

एरवी मांडवीतल्या बार्जेस पणजीवरून समुद्राच्या तोंडाशी येतात आणि वळसा घालून मुरगावला पोहोचतात. पावसाळ्यात आग्वादजवळ, मांडवीच्या तोंडाशी, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटायला लागतात आणि ती वाट बंद होते. मुरगाव बंदर लाटारोधक बांधामुळे चालू असते, पण मांडवीचा माल तिथवर न्यायचा कसा? तेव्हा सगळा भार या अरुंद कालव्यावर येतो. समुद्रात पाऊल न टाकता बार्ज मांडवीतून जुवारीत उतरते आणि बंदर गाठते. समोरून रिकामी बार्ज आली तर एकीला काठाला दबून थांबावे लागते. त्या दोघी एकमेकींजवळून कशा जातात, ते बघा.

[इथे निवेदन नाही. इंजिनांचे आवाज, खलाशांच्या हाका.]

[दृश्य: मुरगाव बंदर, ग्रॅब]

मुरगावला १९७९ साली खनिजासाठी यांत्रिक धक्का सुरू झाला. ग्रॅब, म्हणजे क्रेनचा लोखंडी पंजा, बार्जमध्ये उतरतो, मूठभर माती उचलावी तसा कित्येक टन माल उचलतो. तळाशी उरलेला माल गोळा करायला छोटा डोझर दोरांनी आत सोडतात. सगळ्यात मोठी जहाजे मात्र धक्क्याला पूर्ण भरता येत नाहीत, खोली पुरत नाही. त्यांचा उरलेला माल खोल पाण्यात, नांगर टाकलेल्या ठिकाणी, बार्जेस शेजारी लावून भरला जाई. २०१०-११ च्या हंगामात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. बहुतेक सगळे या नद्यांवरून. तेव्हा तीनशेहून अधिक बार्जेस इथे धावत होत्या.

[दृश्य: काठाला बांधलेल्या, गंजलेल्या बार्जेस]

२०१२ मध्ये बेकायदा खाणकामावरून सर्वोच्च न्यायालयाने सगळे थांबवले, २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, आणि २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. ट्रक थांबले, बार्जेस थांबल्या, हप्ते थकले. खाणींचा गाळ नदीत आणि शेतात उतरला होता, बार्जच्या लाटांनी खाजनाचे बांध ढासळले होते, तेही खरेच.

[दृश्य: जेटीवर पुन्हा हालचाल]

२०२२ अखेर खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा काम सुरू झाले. नद्या राष्ट्रीय जलमार्ग ठरवण्याला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीयीकरणाला, गोव्यातल्या लोकांनी विरोध केला, तो या नद्यांतून कोळसा नेला जाईल या भीतीने. ती भीती रास्त आहे. माल झाकून न्या, बार्जचा वेग बांधाजवळ कमी ठेवा, गाळ काढताना मच्छीमारांना विचारा, हे सगळे व्हायलाच हवे. पण म्हणून पाण्यावरची वाहतूकच नको, हे मला पटत नाही. शेजारी महाराष्ट्रात बघा. रत्नागिरीतल्या जयगडच्या खोल बंदरात मोठ्या जहाजांतून उतरलेला कच्चा माल छोट्या जहाजांनी धरमतर खाडीतून रायगडमधल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यापर्यंत जातो. ती अंबा नदी, राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०. तो सगळा माल रस्त्यावर असता तर मुंबई-गोवा महामार्गाचे काय झाले असते, ते पेणवाल्यांना विचारा.

गोव्यातही खनिजाच्या जोडीला सिमेंट, खत, बांधकामाचे सामान पाण्यावरून जाऊ शकते. जेट्या आहेत, कालवा आहे. माणसे मात्र टिकवावी लागतील. सारंगाच्या परीक्षेला बसण्याआधी बोटीवर केलेल्या नोकरीचा काळ मोजला जातो, आणि बार्ज काठाला बांधलेली असताना तो भरत नाही.