हरिपूरच्या खळ्यात कुप्याची तयारी

सांगलीला लागून असलेलं हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवं, यासाठी ओळखलं जाणारं गाव. समुद्र गाठायचा तर आंबा घाट उतरायला हवा. पण आज इथल्या एका खळ्यात कुपा, म्हणजे ट्यूना मासा, धरायची तालीम चाललीय: चालत्या बोटीमागं दोऱ्यांनी नकली आमिषं ओढत न्यायची.

भाच्यानं खडूनं बोटीची मागची कड आखलीय. खळ्यातलं एक पाऊल म्हणजे समुद्रावरचे 10 फूट.
"मामा, हे टोक धरा."

सुतळीचे पाच तुकडे. सगळ्यात मोठं आमिष 4 पावलांवर, दुसरं 6 वर. 8 आणि 10 वरची दोन, बाजूंना काढलेल्या लांब काठ्यांवरून. त्यांना आउटरिगर म्हणतात. पाचवं, लहान, मधोमध 15 वर.

मामांनी जन्मभर नदीत गळ टाकला. त्यांना पटत नाही. "इंजिनाच्या एवढ्या जवळ मासा यील व्हय?"
येतो. पुष्कळदा बोटीमागच्या फेसातच तो आमिषावर झेपावतो.

ही पावलं फक्त सुरुवातीला. खरी जागा लाट ठरवते. बोट 7-8 नॉटनं, म्हणजे ताशी 13 ते 15 किलोमीटरनं निघाली की मागं लाटांच्या ओळी उठतात. आमिष बसवायचं ते लाटेच्या बोटीकडच्या उतारावर. तिथं ते वर येतं, हवा घेतं, बुडी मारतं आणि मागं बुडबुड्यांची रेघ सोडतं. नुसतंच उड्या मारत राहिलं, तर दोरी थोडी सोडायची. मला या सगळ्यात हेच सर्वांत सुंदर वाटतं: माणूस इथं पाणी वाचतो.

आता आमिष जवळून बघा. तिरकं कापलेलं पारदर्शक डोकं, त्याला रबराची झालर, झालरीत लपलेला गळ. भाचा गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवतो. घसरलं. कानस फिरते. पुन्हा टेकवतो. आता रुतलं.

राहिलं वळण. शेजारची पोरं सुतळ्या धरून वळतात आणि सगळा गुंता होतो. आतल्या बाजूची आमिषं मंदावून बुडतात, बाहेरची जोरात ओढली जातात. म्हणून वळण मोठं घ्यायचं.

"आणि मासा लागल्यावर?" मामा विचारतात.
"बोट लगेच थांबवायची नाही, मामा. कुपा थव्यानं हिंडतो. मागनं दुसरा येतो."

मामा सुतळी सोडवतात, पोरांना पुन्हा खडूच्या रेघेवर उभं करतात.
"चला रं. ह्या टायमाला लांबनं वळा."