सकाळी तारीख, रात्री प्रयोग

(पडद्यावर: एका हॉलच्या माडीवर नाटकाची तालीम.)

कोल्हापुरात ‘तालमीला चाललोय’ म्हटलं, की समोरचा आधी दंड बघतो. इथं तालीम म्हणजे लाल माती. पण शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर एकमेकांना लागूनच बांधलं, त्यामुळं दोन्ही तालमी गावाच्या अंगवळणी पडल्या. १९१५ चं ते थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत होरपळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

हा पाठमोरा बसलेला नट तुम्ही सिनेमात पाहिलाय. नाव, चेहरा दाखवायचा नाही ही त्याची अट. घटस्फोटाचा अर्ज कोर्टात आहे, आणि मुलगी बातम्या वाचण्याच्या वयाची झालीय.

दोघांच्या संमतीनं वेगळं व्हायचं तरी अर्जानंतर कायदा सहा महिने थांबवतो. ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. याला ती माफी मिळाली नाही. हातात सिनेमाही नव्हता. सेटवर पिऊन येतो, हे सगळीकडं झालेलं.

नाटकानं माणूस सावरला, असं लिहायचा मोह आम्हालाही झाला. त्या नटानंच तो मोह मोडला. “नाईट मिळते म्हणून आलो.” सिनेमाचा चेक कधी येईल सांगता येत नाही. नाटकात प्रयोग झाला की ठरलेली नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, पाकिटात. मुलीची फी त्यातून जाते.

नाटक विनोदी, भूमिका बायकोला घाबरणाऱ्या नवऱ्याची. पहिल्या आठवड्यात त्याचा आवाज पाचव्या रांगेपुढं जाईना. हॉलच्या टोकाला एक म्हातारे प्रॉम्प्टर बसत, ऐकू आलं नाही की नुसता हात वर करत. एकदा सबंध प्रवेशभर तो हात खाली आलाच नाही. “दादा, मागं काय बी कळंना बघा.” दुसरी खोड, वाक्य संपलं की थांबायचं, कुणीतरी ‘कट’ म्हणेल म्हणून. हशाला मात्र थांबायचा नाही. पहिल्या प्रयोगात लोक हसत होते आणि यानं पुढची दोन वाक्यं त्यात बुडवली.

आणि दारू? शूटिंगमध्ये नट बिघडला तर सीन पुढं ढकलतात. इथं तिसरी घंटा झाली की समोरची नटी एकटी उभी राहते. प्रयोगाच्या दिवशी त्याला एवढं पुरतं. बाकीच्या दिवसांचं विचारलं, तेव्हा त्यानं कॅमेरा बंद करायला लावला.

(पडद्यावर: नाटकाची बस.)

आज सकाळी तारीख होती, रात्री सांगलीत प्रयोग. कोर्टातून तो थेट बसमध्ये चढला. बॅकस्टेजच्या पोरांनी काही विचारलं नाही. एकानं वडापावची पुडी पुढं केली. अंकलीचा पूल ओलांडताना तो मॅनेजरकडं वळला.

“मध्यंतर किती मिनिटांचं?”

“पंधरा.”

“वीस करा. पोरगी फोन करणाराय.”