गाडी हळू होती की बाई? जॅनेट गथ्रीची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका मोडलेल्या मनगटापासून.

1978 चा मे महिना. अमेरिकेतलं इंडियानापोलिस. रविवारी इंडी 500 ही मोठी मोटार शर्यत आहे, आणि शुक्रवारी मदतनिधीसाठीच्या एका टेनिस सामन्यात चाळीस वर्षांच्या एका ड्रायव्हरचं उजवं मनगट मोडतं. गाडीचा गिअर उजव्याच हाताला. ही गोष्ट आयोजकांच्या कानावर गेली तर शर्यत विसरायची. मग बाईंनी ती लपवली. रविवारी गाडीत बसल्या आणि गिअर टाकायची वेळ आली की डावा हात स्टिअरिंगवरून काढून, अंगावरून पलीकडे नेऊन गिअर टाकायच्या. आता हे खरं, की गोल ट्रॅकवर सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. पण पिटमधून, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेतून, बाहेर पडताना ते चुकत नाही, आणि बाकीचा सगळा वेळ ताशी 300 किलोमीटरच्या आसपास धावणारी गाडी मुख्यतः डाव्या हातावर सांभाळायची.

33 गाड्यांत त्या नवव्या आल्या.

नाव जॅनेट गथ्री. इंडी 500 मध्ये धावलेली पहिली स्त्री. पण 'पहिली स्त्री' एवढंच सांगायचं तर चार ओळींची पोस्ट पुरली असती, व्हिडिओ कशाला? मला तिच्या गोष्टीत दुसरंच काहीतरी दिसतं. चार वर्षं सगळं अमेरिकन रेसिंग एकाच प्रश्नावर भांडत होतं: ही बाई हळू आहे की हिला दिलेली गाडी हळू आहे? आणि गंमत म्हणजे, ही बाई शिकलेली होती फिजिक्स. तेव्हा आपणही हा प्रश्न प्रयोगासारखा बघूया. ड्रायव्हर तोच, गाडी बदलायची, काय होतं ते बघायचं.

आधी थोडं मागे. जन्म 1938, आयोवा सिटी. बालपण मायामीत. सोळाव्या वर्षी पॅराशूटनं उडी, सतराव्या वर्षी विमान चालवायचा परवाना. 1960 मध्ये मिशिगन विद्यापीठातून फिजिक्सची पदवी, मग रिपब्लिक एव्हिएशन या विमानं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. 1965 मध्ये नासाला अंतराळवीर म्हणून शास्त्रज्ञ हवे होते, तिथेही अर्ज. पहिली चाळणी पार केली, पुढे मात्र निवड झाली नाही.

दरम्यान एक सेकंडहँड जॅग्वार घरात आली आणि सगळं बिघडलं. म्हणजे, आईवडिलांच्या दृष्टीनं बिघडलं असावं! शर्यतीचं वेड लागलं. मेकॅनिक ठेवायला पैसे नाहीत, म्हणून इंजिन स्वतः उघडायचं, स्वतःच जोडायचं. सेब्रिंगच्या 12 तासांच्या शर्यतीत तिनं दोनदा आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. अशी तेरा वर्षं गेली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर हिशेब केला तर हातात काय? घर नाही, नवरा नाही, दागिने नाहीत, विमा नाही. एक दमलेली गाडी.

आणि तेव्हा फोन आला. रोला व्होलस्टेड. ओरेगॉनमधला माणूस, स्वतः गाड्या बांधायचा, संघ छोटा, खिसा त्याहून छोटा. विचारलं, इंडी 500 ला गाडी चालवशील का? बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाल्या, आधी कुणाला न सांगता एक चाचणी घेऊ. मी ही गाडी चालवू शकते का हे मला कळू दे, आणि तुम्हालाही. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ ट्रॅकवर चाचणी झाली, आणि मग बातमी फुटली.

[पडद्यावर: ओव्हल ट्रॅकचं रेखाचित्र]

इथे दोन मिनिटं गाडीबद्दल. 'ओपन व्हील' म्हणजे चाकं अंगाच्या बाहेर, वर मडगार्ड नाही. साध्या गाडीला बाजूनं घासलं तर पत्रा चेपतो. इथे तुमचं चाक दुसऱ्याच्या फिरत्या चाकाला लागलं, तर ते चाक तुमच्या गाडीला वर चढवतं. गाडी अक्षरशः उडते. त्यात ट्रॅक 4 किलोमीटरचा, चार डावी वळणं, 200 फेऱ्या, एकूण 805 किलोमीटर, आणि कडेला काँक्रीटची भिंत. म्हणून या ड्रायव्हरांना अनोळखी माणूस शेजारी नको असतो. ही भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. 1976 च्या मार्चमध्ये फिनिक्सला आर्लीन हिस नावाची एक स्त्री याच वर्गात धावली होती आणि फार हळू धावली, त्यावर बरेच ड्रायव्हर भडकले होते. त्या रागाचं बिल फाडलं गेलं जॅनेटच्या नावावर. दोघींमध्ये साम्य काय? दोघी बायका. बस्स.

आणि ही जागा कुठली, तर जिथे 1971 पर्यंत बाईमाणसाला पिटमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. मग पत्रकार बाई असो की गाडीची मालकीण असो.

तर मे 1976. पहिला प्रयोग. व्होलस्टेडची गाडी. इथे पात्र ठरायची पद्धत अशी की प्रत्येकानं एकट्यानं चार फेऱ्या मारायच्या, त्यांचा सरासरी वेग धरायचा. जागा 33. त्या भरल्या की नंतर येणारा जास्त वेगवान निघाला तर सगळ्यात हळू गाडी बाहेर. याला तिथे 'बंप' म्हणतात. आपल्या लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्याला जी धाकधूक असते, ती इथे तेव्हा दोन वीकेंड चालायची. जॅनेटची गाडी ताशी 278 किलोमीटरच्या आसपास अडकली. काही केल्या पुढे जाईना. झालं, लोक म्हणाले, सांगितलं नव्हतं?

मग शेवटच्या दिवशी सकाळी ए. जे. फॉइट मध्ये पडला. टेक्सासचा माणूस, तीनदा इंडी 500 जिंकलेला, तोंडानं फटकळ. त्याच्याकडे एक जादा गाडी उभी होती. म्हणाला, बस हिच्यात. जॅनेट बसली आणि थोड्याच फेऱ्यांत ताशी 291 च्या घरात पोचली. तेच हात, तेच पाय, तेच डोळे. फक्त गाडी वेगळी, आणि 13 किलोमीटर वर. या वेगानं ती पात्र ठरली असती. पण प्रत्यक्ष पात्रता फेरीला ती गाडी द्यायची नाही, असं फॉइटनं ठरवलं. त्या वर्षी इंडी हुकली.

माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची फेरी ही होती, आणि ती कुठल्याच निकालपत्रात नाही.

इंडी हुकली तर इंडीच्या शर्यतीच्या दिवशीच ती शार्लटला नॅसकारच्या वर्ल्ड 600 मध्ये उतरली. बंद चाकांच्या, जडशीळ गाड्या, 966 किलोमीटर. बाईच्या हातात एवढी ताकद नसते, अर्ध्यात सोडेल, असा बोलबाला होता. पंधरावी आली, कुणालाही मध्ये न बसवता. ताकदीच्या या प्रश्नावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं: गाडी चालवायची असते, उचलून न्यायची नसते.

[इथे छोटा विराम]

1977. व्होलस्टेडकडे या वेळी बरी गाडी होती, लाइटनिंग. सरावाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांत वेगवान कोण? जॅनेट. मग ट्रॅकवर भिंतीला धडकली, गाडी दुरुस्त करावी लागली. पण पात्रतेच्या दुसऱ्या वीकेंडला सरासरी 188.403 मैल, म्हणजे ताशी 303 किलोमीटर. त्या वीकेंडला पात्र ठरलेल्यांत सर्वांत जास्त. बॉबी अन्सर नावाचा नामवंत ड्रायव्हर म्हणायचा की रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या कुणालाही मी हिच्यापेक्षा वेगात चालवायला शिकवीन. मग 303 हा आकडा नेमका कुणाचा होता म्हणायचं?

आता यातला सगळ्यात धमाल भाग. शर्यत सुरू करताना ट्रॅकचे मालक टोनी हुलमन माईकवर एक वाक्य म्हणायचे: जेंटलमेन, स्टार्ट युअर इंजिन्स. ठरलेलं, आरतीसारखं. आता यंदा एक बाई आहे, मग काय म्हणणार? ट्रॅकवाल्यांनी पळवाट काढली. म्हणाले, इंजिन ड्रायव्हर कुठे सुरू करतो? बाहेरून स्टार्टर लावून मेकॅनिक सुरू करतो, आणि मेकॅनिक तर पुरुषच आहेत. वाक्य तसंच राहणार. जॅनेटच्या गटानं काय करावं? स्टार्टर लावायला केय बिग्नोटी यांना उभं केलं. नामवंत मेकॅनिक जॉर्ज बिग्नोटी यांची पत्नी, आणि स्वतः जाणकार. आता बोला!

शेवटी हुलमन म्हणाले त्याचा मराठी अर्थ असा: इंडियानापोलिसला पात्र ठरलेल्या पहिल्या महिलेसमवेत, सद्गृहस्थहो, आपापली इंजिनं सुरू करा. अख्खं लग्न लावल्यासारखं वाक्य. 'लेडी अँड जेंटलमेन' एवढं म्हणायला काय जात होतं? पुढच्या वर्षी हुलमन हयात नव्हते, त्यांच्या पत्नी मेरी यांनी ते सरळ म्हणून टाकलं.

आणि शर्यत? इंजिनानं दगा दिला. 27 फेऱ्या, 29 वा क्रमांक. एवढा गाजावाजा होऊन हाती हेच.

म्हणून मला 1978 महत्त्वाचं वाटतं. या वेळी टेक्साको या तेल कंपनीचा पैसा मिळाला आणि जॅनेटनं स्वतःचा संघ उभा केला. माणसं जमवणं, गाडी, खर्चाचा हिशेब, सगळं हिच्या डोक्यावर. वाइल्डकॅट नावाची गाडी घेतली. पंधराव्या जागेवरून सुरुवात, आणि मघाशी सांगितलं ते मनगट. नववा क्रमांक. इंडी 500 मध्ये यापेक्षा वरचा क्रमांक एखाद्या स्त्रीला मिळायला 2005 उजाडलं, तेव्हा डॅनिका पॅट्रिक चौथी आली. म्हणजे डाव्या हाताचा तो निकाल 27 वर्षं टिकला.

तुम्ही म्हणाल, आता स्पॉन्सर रांग लावतील. नाही लावली. 1979 च्या इंडीला इंजिन तिसऱ्या फेरीनंतरच गेलं. त्याच वर्षी मिलवॉकीला ती पाचवी आली, या वर्गातला तिचा सर्वोत्तम निकाल. आणि 1979 नंतर या गाड्यांमध्ये तिला पुन्हा शर्यत मिळाली नाही. चार वर्षांत एकूण 11 शर्यती. फॉइट इंडी 500 मध्येच 35 वेळा धावला आहे, एवढी तुलना पुरे.

त्यानंतर ती कित्येक वर्षं कंपन्यांचे दरवाजे ठोठावत राहिली. या खेळात ड्रायव्हर आधी विक्रेता असतो आणि मग ड्रायव्हर. टायर, इंजिन, इंधन, माणसं, सगळ्याला पैसा, आणि तो पैसा कुणीतरी आपलं नाव गाडीवर रंगवण्यासाठी देतो. तिच्या बाबतीत बातम्या भरपूर छापून आल्या, चेक आले नाहीत.

तिचा रेसिंग सूट आणि हेल्मेट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहेत. 2006 मध्ये इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये तिचं नावही लागलं.

पण मी सुरुवातीला प्रयोग म्हटलं होतं, तर फिजिक्सवाले मला विचारतील की हा प्रयोग पूर्ण झाला का. नाही झाला. साधी गाडी दिली तेव्हा काय झालं ते कळलं, चांगली गाडी एका सकाळी दिली तेव्हा काय झालं तेही कळलं. चांगली गाडी, पुरेसा पैसा आणि धड दोन्ही हात, असा सलग पूर्ण हंगाम मात्र तिला कुणी दिलाच नाही.