कापसाच्या गंजीतली बाळंतीण

(दृश्य: अंधारी खोली, छताला भिडलेला कापूस. वरच्या कोपऱ्यात दोन डोळे चमकतात.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात होळीच्या आधी कुणाच्या घरी गेलं, की आधी कापूस दिसतो, मग माणसं. दिवाळीपासून वेचून आणलेला, भाव चढेल म्हणून थांबवून ठेवलेला. पुढच्या खोलीत कापूस आणि मागच्या खोलीत सगळं घर. जुन्या कापसानं अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात, तरी बाप म्हणतो, आठ दिवस अजून पाहू.

कापसात सरकी असते. सरकीला उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. म्हणजे या घरातली करडी मांजर लाडाची नाही, कामाची आहे. साधारण नऊ आठवडे पोट वागवून काल पहाटे ती गंजीच्या टोकावर व्याली. चार पिल्लं.

आजीनं कोपरापर्यंत हात घालून ती मोजली, तेव्हा सून दारातून ओरडली, "आत्याबाई, हात नोका लावू! टाकून देईन थे पिल्लं."

"माह्या हातचं पाच वर्सं खाल्लं तिनं," आजी म्हणाली. "माह्या वासानं कायले टाकते?"

आजीचंच बरोबर. ओळखीच्या माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लं टाकत नाही. पण गर्दी झाली, शेजारची दहा पोरं बघायला आली, की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात, ते यातूनच आलं असावं.

(दृश्य: तळहातावर पिल्लू. डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले.)

याला दिसत नाही, ऐकू येत नाही. डोळे उघडायला आठ ते चौदा दिवस लागतील. कळतं ते एवढंच, की ऊब कुठे आहे आणि दुधाचा वास कुठून येतो. शू-शीसुद्धा आपली आपण होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते. पहिल्या दिवसाच्या चिकातून आजारांशी लढायचं बळ मिळतं, ते नंतर सहजासहजी भरून निघत नाही.

घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातीनं किराणा दुकानातून डिजिटल काटा मागून आणला. एकशेदोन ग्रॅम, अठ्ठ्याण्णव, एकशेपाच. चौथं भरलं एकाहत्तर. जन्मल्यावर शंभरच्या आसपास वजन ठीक समजायचं, आणि मग ते रोज दहा-बारा ग्रॅमनं वाढायला हवं. चौथं हाताला गारही लागत होतं.

सूनबाई गाईचं दूध कोमट करायला उठल्या. इथे मला राहवलं नाही. लहानपणी मी असंच एक पिल्लू बाळासारखं उताणं धरून चमच्यानं दूध पाजलं होतं. दूध छातीत गेलं. दुसऱ्या दिवशी पिल्लू गेलं, आणि घरात सगळे म्हणाले, त्याचं नशीब. नशीब नव्हतं, चमचा होता. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. गाईच्या दुधानं पिल्लाला हगवण लागते. आणि गार पिल्लाला कुठलंच दूध पाजायचं नसतं, पचतच नाही. आधी ऊब, मग दूध, तेही पालथं धरून.

आजीनं वाद घातला नाही. पिल्लू लुगड्याच्या ओच्यात घेतलं, पोटाशी धरलं आणि तूर निवडत बसली. तासाभरानं ते वळवळायला लागलं. मग आईच्या मागच्या थानाला लावलं. इतर तिघांना तेवढा वेळ बाजूला.

खरं तर काळजी घ्यायची ती आईची. चौघांना पाजणारीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, आणि दूध-भाकरीवर तिचं भागत नाही. मांजराला मांस लागतंच. आजी माळकरी. त्यामुळे बाजारच्या दिवशी कोंबडीचे तुकडे शिजतात ते अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. मीठ नाही, मसाला नाही. कांदा-लसूण मांजराला विषच. त्या खोलीत सध्या फिनाईलचं पोतेरंही बंद आहे, आणि बैलांच्या गोचिडांची पावडर मांजरीच्या पिसवांवर टाकू नका, हे नातीनं बापाला दोनदा बजावलंय. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराचा जीव घेते.

(दृश्य: कुंपणाजवळ बोका.)

आणि हा बोका. दुसऱ्याची पिल्लं मारतो. शिवाय पाजणारी मांजरही पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्लं दोन महिन्यांची झाली, की तिला जिल्ह्याच्या गावी नेऊन ऑपरेशन करायचं ठरलंय.

पण त्याआधी शुक्रवार. भाव पटला, व्यापाऱ्याची गाडी येणार.

गुरुवारी डालगं आणलं. तळाशी जुनं लुगडं, वर त्याच गंजीतला कापूस, वास तोच राहावा म्हणून. पिल्लं एकेक करून तिच्या डोळ्यांदेखत खाली आणली, पलंगाखाली अंधारात ठेवली. ती आली, हुंगलं, आडवी झाली. सगळे खूश.

रात्री दीडला मी जागा होतो. मानेला धरून एक, मग दुसरं. चार खेपांत ती पुन्हा गंजीवर.

(दृश्य: सकाळ. हमाल, पोती, उडणारा कापूस.)

हमालांनी दाराकडून गंजी फोडली. दुपारपर्यंत जमीन दिसायला लागली. उरला भिंतीकडचा ढीग, आजीच्या कमरेएवढा.

"आजी, एवढा कायले ठेवता?" व्यापारी म्हणाला. "यालेबी भाव हाय आज."

आजीनं मुलाकडे पाहिलं. मुलानं काट्याकडे पाहिलं, मनात हिशेब केला, आणि गाडीचा फाळका लावून घेतला.

संध्याकाळी रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. खिडकीची फट बोक्यासाठी नको म्हणून नातीनं त्यात गोणपाट कोंबलं. मग काटा ठेवला. चौथं पिल्लू, ब्याऐंशी ग्रॅम.