चार थाऊची भानगड

नमस्कार. पाऊस एवढा कोसळत असताना मध्य रेल्वेवरची मंडळीसुद्धा वेळेवर पोचली, म्हणजे विषयात दम असणार, वक्त्यात नसला तरी. पत्रिकेवर छापलंय, 'जुन्या मॅन्युअल लेन्स आणि फुल फ्रेम मिररलेस: निवड आणि वापर'. आठ वाजता हॉल सोडायचाय, नंतर इथे नाटकाची तालीम आहे. तेव्हा मला जे बोलायचंय ते आधी बोलून घेतो, निवड आणि वापर मागाहून उरकू. आयोजकांनी मान हलवली. आडवी की उभी, ते मला चष्म्याशिवाय कळलं नाही.

समोर निम्म्या लोकांच्या गळ्यात कॅमेरा दिसतोय, त्यामुळे प्राथमिक गोष्टींत वेळ घालवत नाही. एसएलआरमध्ये आरसा वर-खाली व्हायला जागा लागायची, म्हणून लेन्सचा माउंट, म्हणजे लेन्स जोडायचं कडं, फिल्मपासून लांब असे. निकॉनचा 1959 सालचा एफ माउंट 46.5 मिलिमीटरवर, एम42 स्क्रू 45.46 वर, मिनोल्टा 43.5, कॅनन एफडी 42. मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा गेला आणि सोनी ई 18 वर आला, निकॉन झेड 16 वर, कॅनन आरएफ 20 वर. मधल्या मोकळ्या जागेत पोकळ नळी बसवली की झाला अडॅप्टर. त्यात काच नाही, वायर नाही. 2013 मध्ये सोनीचा ए7 आला आणि सेन्सरही फिल्मएवढा, 36 बाय 24 चा, म्हणजे फुल फ्रेम मिळाला. त्याआधी मायक्रो फोर थर्ड्सच्या लहान सेन्सरवर 28 ची, म्हणजे 28 मिलिमीटर फोकल लांबीची, लेन्स 56 सारखी दिसायची, आता ती पुन्हा 28 सारखी दिसायला लागली. घरोघरची गोदरेजची कपाटं उघडली ती तेव्हापासून.

कपाटं उघडली ते बरंच झालं. माझी तक्रार पुढची आहे. ज्याला त्याला भोवरा हवाय. झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची ती हेलिओस 44-2, 58 मिलिमीटर एफ/2, झाइसच्या बायोटार लेन्सच्या आराखड्यावर सोव्हिएत संघात बनलेली. ती घ्यायची, राणीच्या बागेत जायचं, कुणाला तरी झाडापुढे उभं करायचं, लेन्सचं छिद्र एफ/2 ला, म्हणजे पूर्ण, उघडं ठेवायचं, की मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात. फोटोत माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही, पानं किती फिरली ते बघतात. हीच लेन्स एफ/5.6 ला आणा, म्हणजे छिद्र लहान करा, भोवरा जवळपास गुल. म्हणजे रचनाकाराला जे टाळता आलं नाही, त्याचेच आपण जास्तीचे पैसे मोजतोय. मोजा, माझं काही जात नाही. पण जुनी लेन्स म्हणजे एवढंच, असं नव्या मुलांना वाटायला लागलंय.

तसंच ते पिवळ्या टाकुमारचं. पेंटॅक्सच्या काही सुपर टाकुमार 50 एफ/1.4 मध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. मागच्या वेळी एकांनी मला फार गंभीरपणे सांगितलं की त्या पिवळेपणात जुन्या काळची ऊब आहे. अहो, ती काच आठवडाभर उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवा, ऊब निघून जाईल. (हशा) अर्थात सध्या मुंबईत ऊन कुठून आणणार, हा प्रश्न आहेच.

आता माझं म्हणणं सांगतो. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये पैसे टाकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे तिच्या नळीवर कोरलेली अंतराची पट्टी. मीटर, फूट आणि खाली छिद्राच्या खुणा. आजच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्सवर ती नसतेच. आणि बाजारातला स्वस्त अडॅप्टर हीच पट्टी खोटी पाडतो. लेन्सवर लोक वीस-वीस हजार घालतात आणि अडॅप्टर घेतात हजार-बाराशेचा, तोही घासाघीस करून.

आमच्या ग्रुपमधले एक जण आहेत, इथेच बसलेत, नाव घेत नाही. त्यांनी निकॉनची 28 एफ/2.8 एआय-एस ही मॅन्युअल लेन्स घेतली, सोनीवर लावायला. लेन्स नावाजलेली. पहिल्याच रविवारी मरीन ड्राइव्हवर गेले, फोकसची रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सर्वांत लांबच्या खुणेला, नेऊन टेकवली, फोटो काढले. घरी येऊन बघतात तर समोरच्या इमारतींच्या खिडक्या लोण्यासारख्या मऊ, आणि कोपऱ्यात तर विचारूच नका. निष्कर्ष काय? लेन्स वाईट. विकली. दुसरी घेतली, तीच 28, दुसऱ्या माणसाकडून. तीही मऊ. मग मला फोन: "अहो, निकॉनच्या 28 मध्ये काही मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट होता का हो?" मी विचारलं, अडॅप्टर कोणता? म्हणाले, "अडॅप्टर ठीक आहे, तो दोन्हींना तोच होता."

हसलात, म्हणजे कळलं.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. निवृत्त झालो तरी मायक्रोमीटर घरात देव्हाऱ्याच्या खालच्या खणात असतो. म्हटलं, अडॅप्टर घेऊन या. आले. निकॉन एफचा अडॅप्टर सोनी ईला लावायचा तर वजाबाकी सोपी आहे: 46.5 उणे 18, म्हणजे 28.5. लेन्स अडकवायचे बायोनेटचे दात सोडून कडेच्या सपाट पट्टीवर मायक्रोमीटर धरायचा, रॅचेटचा कटकट आवाज आला की थांबायचं, हातानं आवळायचं नाही. घड्याळात बारा असतात त्या जागी 28.40. तीनला 28.41. सहाला 28.38. नऊला 28.42. म्हणजे सरासरी एक दशांश मिलिमीटर आखूड आणि वर थोडा तिरकाही. आमच्या भाषेत चार थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टूलरूममध्ये चार थाऊची चूक घेऊन फोरमनसमोर उभं राहायची कुणाची हिंमत नव्हती. त्यापेक्षा माणूस रजा टाकायचा. (शांतता) इथे टूलरूमवाले कमी दिसतात.

त्यांचा आग्रह म्हणून आम्ही फोर्टात गेलो, जिथून घेतला होता त्या दुकानात. दुकानाचं नाव काढत नाही, मालक माणूस चांगला आहे, चहा पाजला. मी कागदावर मोजमापं लिहून नेली होती. त्याला समजावलं की रिंग शेवटपर्यंत नेली की फोकस इन्फिनिटीच्याही पलीकडे जातो. त्यानं कागद नीट वाचला, अडॅप्टर हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "अंकल, इन्फिनिटी के आगे जा रहा है, तो आपका फायदाही है ना!"

यावर काय बोलणार? चहा प्यायलो आणि उठलो.

पण त्याच्या बोलण्यात धंद्याचं एक सत्य आहे. अडॅप्टर लांब झाला तर इन्फिनिटी मिळतच नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. आखूड झाला तर रिंग जरा अलीकडे थांबवून फोकस मिळतो, गिऱ्हाईक गप्प. त्यामुळे बनवणारा मुद्दामच उण्या बाजूला राहतो. आमच्या टूलरूममध्ये काप तिरका निघाला असता तर निदान कुणी तरी शिवी खाल्ली असती, इथे धोरण म्हणूनच आखूड करतात.

आता एक दशांश मिलिमीटर म्हणजे किती? झेरॉक्सच्या कागदाची जाडी. एवढ्यानं काय होतं, तर हिशोब तोंडी करता येतो. फोकल लांबीचा वर्ग भागिले ती चूक. 50 ची लेन्स: 2500 भागिले 0.1, उत्तर 25 मीटर. म्हणजे पट्टीवर 25 मीटर दिसत असताना लेन्स प्रत्यक्षात इन्फिनिटीला पोचलेली असते. 135 ला हेच अंतर 180 मीटरच्या वर जातं, तिथे पट्टीवर आकडेही नसतात, म्हणून पोर्ट्रेटवाले छातीठोकपणे सांगतात की माझा अडॅप्टर झकास आहे. आणि 28 ला? 784 भागिले 0.1. आठ मीटरसुद्धा नाही! लेन्स जितकी वाइड, म्हणजे फोकल लांबी जितकी कमी, तितकी ही थाप मोठी. त्यात या 28 एआय-एसमध्ये निकॉनचं सीआरसी आहे, म्हणजे फोकस करताना आतले काचांचे गट एकमेकांच्या तुलनेत सरकतात. रिंग चुकीच्या जागी थांबवून मधला भाग शार्प केलात तरी आतल्या काचा जवळच्या अंतरासाठीच्या जागेवर असतात. कोपरे बिघडणारच. आमच्या मित्राच्या दोन्ही लेन्स निर्दोष होत्या. पहिली ज्याला विकली, त्याच्याशी ते आता फार गोड बोलतात.

इलाज अर्ध्या तासाचा निघाला. अडॅप्टरच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूचे चार स्क्रू काढले, खाली 0.1 ची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, कापून घातली, जिकडे जास्त आखूड होतं तिकडे किंचित जास्त, पुन्हा आवळलं. चारी बाजूंना 28.48 ते 28.50. रात्री गच्चीवरून वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याचे लाल दिवे धरले: रिंग शेवटी टेकते तिथेच दिव्याचा ठिपका सर्वांत बारीक होता.

इथे कुणीतरी म्हणणारच, आणि मागे एक हात वरही झालाय, की मिररलेसमध्ये आपण सेन्सरवरचंच चित्र मोठं करून फोकस करतो, मग पट्टी खोटी असली तर बिघडलं काय? बरोबर आहे. 85 नं घरात नातवाचा फोटो काढत असाल तर काहीही बिघडत नाही. पण पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. डोक्यावर टोपली घेतलेला माणूस 'बाजू, बाजू' करत अंगावर येतोय, खाली चिखल, मागून धक्का. तिथे चित्र दहा पट मोठं करून बघत बसलात तर तुमचाच फोटो दुसरा कुणी काढेल. आणि वाइड लेन्सवर पीकिंगचा, म्हणजे शार्प कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा, तर उपयोगच नाही, छिद्र जरा लहान केलं की अख्खा बाजार लाल होतो. तिथे पट्टी लागते. भारताच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स कॅमेरे घेऊन फिरायच्या. त्या काळातल्या प्रेस फोटोग्राफरला दोन मीटर म्हणजे किती हे डोळ्यांना माहीत असावंच लागे. आपणही शिकू शकतो. घरातली फरशी मोजा, दरवाज्याची रुंदी मोजा, चार दिवसांत नजर बसते.

28 ला एफ/8 वर रिंग 3.3 मीटरला ठेवली, तर साधारण 1.6 मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प. पण पहाटे एफ/8 परवडत नाही, एफ/2.8 लागतं. आता त्या आखूड अडॅप्टरवर रिंग दोन मीटरला ठेवा. प्रत्यक्षात फोकस 2.66 मीटरवर बसतो. दोन मीटरवरची गजरेवाली मावशी धूसर, आणि तिच्या मागचा झेंडूचा ढीग कसा, पाकळी न् पाकळी मोजून घ्या! आणि आपण घरी येऊन काय म्हणतो? जुनी लेन्स आहे, तिचा स्वभावच मऊ.

चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटे.' अक्षर रागावलेलं दिसतंय. तर निवड आणि वापर, धावत धावत.

निवड. एसएलआरसाठी बनलेल्या 28, 35, 50 कुठल्याही नावाजलेल्या कंपनीच्या घ्या, फरक उन्नीस-बीस. लायकाच्या एम माउंटच्या किंवा त्या धर्तीच्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या जुन्या वाइड लेन्स मात्र सोनीवर जपून. त्यांची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते, किरण कोपऱ्यात फार तिरपे पडतात, आणि सोनीच्या सेन्सरवरची काच दोनेक मिलिमीटर जाड आहे. लायकाच्या डिजिटल एमवर ती एक मिलिमीटरच्याही आत. म्हणून तीच लेन्स तिथे कोपऱ्यापर्यंत चांगली आणि इथे कोपरे फरफटलेले. 50 च्या पुढे ही अडचण फारशी येत नाही.

घेताना टॉर्च न्या. छिद्र पूर्ण उघडा, मागून तिरपा उजेड टाका आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. वरवरची असेल तर कारागीर काढतो, पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर ते परत येत नाही. दोन काचा चिकटवल्यात त्यांच्या मधे असेल तर लेन्स खाली ठेवून नमस्कार करा. छिद्राच्या पात्यांवर तेल दिसतंय का बघा. आणि ते सुंदर चामड्याचं केस! मुंबईच्या पावसाळ्यात बुरशीला याहून चांगलं घर नाही. लोक प्रेमानं चामड्यात घालतात, वर प्लास्टिकची पिशवी, वर कपाट बंद, आणि गणपतीला उघडतात. ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. तिसऱ्या लेन्सच्या आधी ते घ्या.

वापर. 'लेन्सशिवाय शटर' हा पर्याय मेनूत चालू करा, नाहीतर लेन्स लावलीच नाही असं समजून कॅमेरा ढिम्म हलणार नाही. बॉडीत हादरे आवरणारा स्टॅबिलायझर असेल तर फोकल लांबी हातानं भरा. 50 भरून 135 लावलीत तर हादरे पुरते आवरले जात नाहीत, उलट केलंत तर जास्तीचे आवरले जातात आणि फोटो हललेलाच. फोकस शक्यतो ज्या छिद्रावर फोटो काढणार त्याच छिद्रावर करा, काही जुन्या लेन्समध्ये छिद्र लहान केलं की फोकस सरकतो. फाइलीत छिद्राचा आकडा येणार नाही, वही ठेवा. अडॅप्टरच्या आतला रंग चकाकत असेल तर आतून काळा मखमली कागद चिकटवा, उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत लगेच फरक दिसेल. आणि लेन्स लावून हलवून बघा. खडखड वाजत असेल तर शिमसुद्धा वाया, तो अडॅप्टर बदला.

टाकुमारचं आणखी कुणाला विचारायचं असेल तर जिन्यात विचारा. मी मायक्रोमीटर आणलाय, ज्यांनी अडॅप्टर आणलेत त्यांनी टेबलापाशी या, तालमीवाले आत येईपर्यंत चार-पाच तरी मोजून होतील. पहिला नंबर ज्यांनी मघाशी हात वर केला त्यांचा.