भुतांचा नाच आणि खिरापतीचं पातेलं

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते 'गूपी गाइन बाघा बाइन'बद्दल. १९६९ चा सत्यजित राय यांचा बंगाली सिनेमा, मूळ गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधरींची. बेसूर गाणारा गूपी, बेताल ढोल बडवणारा बाघा, दोघांनाही गावातून हाकललेलं, आणि जंगलात भुतांचा राजा त्यांना तीन वर देतो. तीन, लक्षात ठेवा हं : टाळी दिली की खाणंपिणं-कपडे हजर, जोडे घातले की पाहिजे तिथे पोचायचं, आणि गायला लागले की ऐकणारा जागच्या जागी खिळला पाहिजे.

पोस्टर बघितलंत तर अक्षरंच खोडकर वाटतात, कारण राय मुळात जाहिरातीतले आर्टिस्ट, पोस्टरं स्वतःच करायचे. आताची पोस्टरं म्हणजे नुसती डोकी चिकटवलेली, असो.

तर आमच्या गिरगावातल्या चाळीत गणपतीत हा सिनेमा आणला होता. चौकात चादर बांधलेली, पण ती पडली आखूड, त्यामुळे खालचं इंग्रजी सबटायटल चादरीवर न पडता पहिल्या रांगेतल्या पोरांच्या डोक्यांवर पडायचं, आणि चादरीमागे बसलेल्यांना अख्खा सिनेमाच उलटा दिसायचा ते वेगळंच. मग तळमजल्यावरचे नाना, जे कलकत्त्याला नोकरी करून आलेले, ते उठले नि मोठ्याने सांगायला लागले, 'हा म्हणतोय मी गाणारच!' छान चाललं होतं. पण भुतांचा नाच लागला, त्यात संवादच नाहीत, नाना गप्प. सहा-साडेसहा मिनिटं नुसता ताल : राजेभुतांना मृदंगम, शेतकऱ्यांना खंजिरी, साहेब भुतांना घटम आणि जाड्यांना मोरचंग, चार जातींची भुतं, चार वाद्यं, नि शेवटी आपापसात मारामारी. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी कठड्यावरून ओरडल्या, 'अगो बाई, हा तर खवीस! आणि तो बारका मुंज्या!' एकेका भुताला नाव देत गेल्या, आणि साहेब भुतं कळसूत्रीसारखी झटके देत नाचायला लागली तेव्हा म्हणतात, 'ह्याला मात्र मी ओळखत नाही हो.' अख्खी चाळ हसली. नाना जरा रुसलेच.

खरी धमाल पुढे झाली. गूपी गातो नि उपाशी सैनिकांसमोर आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरतात, ते हत्यारं टाकून धावतात. तसं आमची पोरंही धावली, सरळ मंडपाच्या कोपऱ्यातल्या खिरापतीच्या पातेल्याकडे! आरती व्हायची होती, मंडळाचे सेक्रेटरी 'अरे थांबा, थांबा' करतायत, कोण ऐकतंय, गूपीचं गाणं चालू असूनही कोणी खिळलं नाही. (हल्ली मंडपात डीजेच्या भिंती असतात, कोण कुणाला हाक मारणार सांगा.)

एवढ्यात शेवट आला आणि काळ्या-पांढऱ्या सिनेमात अचानक रंग! मागचा एक पोरगा तोंडात खोबरं कोंबून ओरडला, 'ऑपरेटर, रीळ बदललंस रे!' बदललं नव्हतं हो. पैसे जेमतेम होते, म्हणून राय यांनी रंग फक्त शेवटापुरता ठेवला होता.